तीन नंबरचं पेडल

मोतीराम मास्तरांचे वरचे समोरचे दोन दात होळीआधी पडले आणि तिसरा हलायला लागला, तेव्हा शबनम बँड पार्टीचे मालक फारुखभाई यांनी मास्तरांच्या मुलाला, गोकुळला, जिनिंग मिलमागच्या बँडच्या गोदामावर एकट्यालाच बोलावून घेतलं.

क्लारनेट वाजवणाऱ्याचे वरचे दात म्हणजे घराचं आढं. वाद्याचं तोंड त्यांच्यावर टेकतं, खालचा ओठ त्याला बांधलेली वेताची पातळ पत्ती सांभाळतो, तेव्हा कुठे फुंक बसते. आढंच गेल्यावर बाकीच्यांनी किती जोर लावायचा? मलकापूरच्या दाताच्या डॉक्टरनं तर हिरड्या भरून येईपर्यंत सहा महिने क्लारनेटला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, आणि लग्नसराई महिन्यावर आली होती.

शबनमचं नाव बिदाईवर चालायचं. वरातीत काय, कोणताही बँड माणसं नाचवतो. पण मुलगी गाडीत बसायच्या वेळी मास्तरांचं क्लारनेट जे वाजायचं, त्याला मोताळा, नांदुरा, पार संग्रामपूरपर्यंत तोड नव्हती. सूर नुसता वर-खाली जायचा नाही, तोंडासारखा उघडायचा आणि मिटायचा. कोणीतरी ओठ दाबून धरलेत आणि शेवटी न राहवून हाक मारली, असं वाटायचं. ज्यांच्या दारात बायकांनी पदर तोंडाला लावला नाही त्यांना बँड लागला नाही, अशी बोली होती, आणि मास्तरांच्या छत्तीस वर्षांत शबनमवर ती पाळी आली नव्हती.

फारुखभाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. खामगावचा एक कीबोर्डवाला कधीपासून मागं लागला होता. त्याच्या पेटीत क्लारनेटचा आवाज तयार भरलेला होता, बटण दाबलं की काम.

"पन घरचं मानूस सोडून बाहेरचं काऊन आनू मी?" फारुखभाई म्हणाले. "तुह्या गिटारातून मास्तरची बिदाई काढून दाखव. धामणगाव बढ्याचं लग्न तुले देतो. जमलं तर समोरची जागा तुही, आन् मास्तर घरी आरामात. त्यायचा वाटा मी घरपोच करीन. नाई जमलं, तर मंग मले बोल लावू नको."

गोकुळ चार वर्षं बँडमध्ये होता आणि ती चारही वर्षं जनरेटरच्या बाजूला उभा होता. त्याची गिटार म्हणजे भाजीतलं मीठ, असलं तर कोणाला कळत नाही आणि नसलं तरी बँडवाल्यांशिवाय कोणी विचारत नाही. मध्ये भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाली, ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेत एक हंगामी वर्ष झालं, ते संपलं. बाबांच्या तोंडाला आराम मिळावा असं त्याला मनापासून वाटत होतं. समोर उभं राहावं असंही मनापासून वाटत होतं. या दोन्हीत जास्त कोणतं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. बाकी सगळं मात्र तो मोजून पाहायचा.

त्यानं मास्तरांच्या एका जुन्या बिदाईचं चित्रीकरण फोनवर शोधलं आणि त्यातल्या आवाजाचे आलेख काढले. दोन गोष्टी त्याला फार आवडल्या. पहिली ही, की क्लारनेटच्या खालच्या सुरांत मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटीच ठळक असतात. गिटारची तार बरोबर मध्यावर छेडली तर तिच्यातल्या सम पटी मरतात आणि तिचा आवाज तसाच पोकळ, लाकडी होतो. हे पुस्तकात होतं, आणि तारेनं ते पहिल्याच झटक्यात मान्य केलं. दुसरी गोष्ट म्हणजे ते उघडणं-मिटणं. त्यासाठी वा-पेडल हवं होतं. पायाखाली ठेवायची एक लोखंडी पेटी, तिच्यावर डुलणारी फळी. टाच दाबली की आवाज मिटतो, पंजा दाबला की उघडतो, गिटार जणू 'ऊ'पासून 'आ'पर्यंत तोंड हलवते. पण प्रत्येक पेडलचं तोंड वेगळं. कोणाचं कुठून कुठपर्यंत उघडतं आणि किती टोकदार, त्यावर सगळं.

त्यानं तीन जमा केली. एक अकोल्याच्या मित्राकडून मागून आणलं, त्याला एक नंबर दिला. दुसरं स्टेशनजवळच्या रंगरावांचं. ते पूर्वी ऑर्केस्ट्रात होते, आता मोटारी गुंडाळायचे, आणि पेडल विकायलाच काढलं होतं. कोपरे झिजून त्याचं लोखंड उघडं पडलं होतं. तिसरं ऑनलाइन मागवलेलं, कोरं, चकचकीत. तिघांच्या आवाजाचा उंचवटा कुठून कुठे सरकतो हे त्यानं मोजलं आणि मास्तरांच्या आलेखावर ठेवून पाहिलं. दोन नंबर जवळजवळ बोटावर बोट बसलं. एक नंबर थोडं आखूड पडलं. तीन नंबर वरच्या टोकाला फार पुढे जात होतं आणि तिथे सुईसारखं बारीक होत होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तो आतल्या खोलीत दोन नंबरवर बिदाईची पहिली ओळ वाजवत होता. तार मध्यावर, पंजा हळूहळू खाली. स्वयंपाकघरात सुभद्राबाई, त्याची आई, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"अवो," ती तिथूनच ओरडली, "डागदरनं नाई म्हनलं ना? काऊन वाजवून राह्यले मंग? रगत येईन तं मले सांगू नका."

मास्तर अंगणात बाजेवर बसले होते, हात मांडीवर, क्लारनेट खुंटीला.  गोकुळ आतून हसत बाहेर आला आणि आईला गिटार दाखवली. ती चकित झाली, तोंडावर हात ठेवून हसली, भाकर जळायला आली म्हणून परत वळली. मास्तर उठून कोपऱ्यावरच्या टपरीकडे चालत गेले.

गोकुळला ही गंमत वाटली, पुरावा वाटला नाही. एकदा ऐकणं म्हणजे पुरावा नव्हे, त्यातही चुलीजवळून, मधे भिंत असताना. खरी परीक्षा शबनममध्ये आधीपासून ठरलेली होती, आणि ती त्याला लहानपणापासून जगातली सगळ्यांत सुंदर रीत वाटत आली होती. तिला पाठीनं ऐकणं म्हणायचे. नवी पत्ती असो, ढोलकीचं कातडं असो, भोंगा असो, मास्तर भिंतीकडे तोंड करून बसायचे, मागून वस्तू वाजायची, कोणती कोणाची हे कोणी सांगायचं नाही. मास्तर बोटांनी क्रम दाखवायचे आणि तो शेवटचा. फारुखभाईंच्या वडिलांच्या वेळी कोणीतरी सोयऱ्याचा माल बँडच्या गळ्यात मारला होता, तेव्हापासून ही रीत पडली होती. कॉलेजात आंधळ्या चाचणीचा धडा आला तेव्हा गोकुळनं मित्रांना सांगितलं होतं की आमच्या गोदामात हे साठ वर्षांपासून चालतं.

रविवारी सकाळी मास्तर उलट्या टाकलेल्या खोक्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. ढोलकीवाला सहदेव चिठ्ठ्या काढायचा, चिठ्ठीत येईल त्या क्रमानं गोकुळ तिन्ही पेडलं एकेक करून जोडायचा आणि तीच ओळ वाजवायचा. फारुखभाई कागदावर लिहायचे. एक फेरी पुरली असती, पण गोकुळनं नऊ करायला लावल्या. सहदेव म्हणाला, इतक्या फेऱ्या तर लग्नातही नसतात. मास्तर हसले नाहीत. प्रत्येक फेरीनंतर त्यांचा हात खांद्यावरून मागे यायचा आणि बोटं क्रम दाखवायची.

नऊच्या नऊ फेऱ्यांत क्रम एकच आला. सगळ्यांत जवळ तीन नंबर, मग एक, सगळ्यांत लांब दोन.

गोकुळनं तिथेच हिशोब केला. नुसत्या अंदाजानं सांगणाऱ्याकडून तोच क्रम नऊ वेळा येण्याची शक्यता सोळा लाखांत एकदा. असा कान! त्याचा ऊर भरून आला. क्रम त्याच्या आलेखाच्या बरोबर उलटा होता, हे त्याला दिसलं. पण त्यानं चूक आपल्या आलेखात शोधली. फोनचा माइक, मांडवातला घुमारा, कुठेतरी काहीतरी उलटं झालं असणार. तरीही त्यानं मास्तरांना विचारलं, तीन नंबर जरा टोचत नाही का?

"घरात गोड लागते ते मांडवात मरते," मास्तर भिंतीकडे पाहतच म्हणाले. "जनरेटर चालू, पोट्टे बोंबलून राह्यले, गाडीचा हारन. त्यातून कापत जाईन तेच ऐकू येते."

हे शास्त्रालाही धरून होतं. जनरेटरची घरघर खालच्या पट्टीत असते, ती खालचा आवाज गिळते, वरचा सुटतो. गोकुळला उत्तर मिळाल्याचं समाधान झालं. त्यानं एक नंबर अकोल्याला परत पाठवलं आणि दोन नंबर रंगरावांच्या दुकानात नेऊन दिलं. त्यांनी ते त्याच आठवड्यात भुसावळच्या कोणा ऑर्केस्ट्रावाल्याला विकलं.

धामणगाव बढ्याचं लग्न एप्रिलच्या शेवटी होतं. बिदाईची वेळ साडेपाचची. मास्तर नुसते बसायला म्हणून सोबत आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, बँडच्या गाडीत मागच्या बाकावर. गोकुळ पहिल्यांदा समोर उभा राहिला. मुलगी आईच्या गळ्यात पडली, फारुखभाईंनी मान हलवली, आणि त्यानं पंजा खाली दाबला.

घरी ज्या गोष्टीला त्यानं टोक म्हटलं होतं, ती भोंग्यातून बाहेर पडताच किंचाळी झाली. सूर उघडला नाही, फाटला. दुसऱ्या सुराला नवऱ्याकडच्या कोणीतरी बकरीसारखं ओरडून साथ दिली, तिसऱ्याला चौघांनी. गोकुळनं टाच दाबली, आवाज नाकात गेला. परत पंजा दाबला, परत बकरी. आता मांडवभर हसू पसरलं होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे मुलगी हसली. ओल्या डोळ्यांनी, आईच्या खांद्यावरून मान काढून, न राहवून हसली, आणि तिचा बाप हात जोडलेल्या अवस्थेत बँडकडे असा पाहू लागला की गोकुळचा पाय फळीवरच ताठ झाला.

तेव्हा मागून क्लारनेट आलं.

मास्तर गाडीतून उतरून चालत चालत वाजवत आले. पहिल्या सुराला हसू थांबलं, ओळ संपायच्या आत बायकांचे पदर वर गेले. मुलगी आता इतकी रडली की तिला दोघींनी धरून गाडीत बसवलं. मास्तरांच्या हनुवटीवरून लाल रेघ सदऱ्यावर उतरली होती. लोकांनी ती पाहिली आणि त्यांचे पाय धरले.

परतीच्या वाटेवर सगळे मास्तरांविषयी बोलत होते. गोकुळ मात्र पत्तीचा विचार करत होता. कोरडी पत्ती वाजत नाही. ती तोंडात धरून निदान पाच मिनिटं भिजवावी लागते. मास्तर उठले आणि वाजवायला लागले, मधे वेळच गेला नव्हता. क्लारनेटच्या तोंडावर, दात टेकतात तिथे, सायकलच्या ट्यूबचा तुकडा बेतून चिकटवलेला होता, म्हणजे हिरडीनं धरता यावं. तो तुकडाही तिथे उभ्या उभ्या चिकटवलेला नव्हता. नुसतं बसायला आलेल्या माणसाची पत्ती ओली होती.

वाटेतलं राजूर गाव मागे पडलं तेव्हा त्याच्या डोक्यात नऊ फेऱ्या परत सुरू झाल्या. सोळा लाखांत एकदा. त्या आकड्यानं एवढंच सांगितलं होतं की मास्तरांना तिन्ही आवाज ओळखू येतात. ते खरं बोलले की नाही, हे त्या आकड्यात नव्हतंच. कान कच्चा असता तर क्रम विस्कटला असता, कधी हे पुढे, कधी ते. नऊ वेळा बरोबर उलटं सांगायला बरोबर उत्तर नऊ वेळा माहीत असावं लागतं. त्यानं पेडलं लपवली होती, चिठ्ठ्या काढल्या होत्या, मास्तरांना पाठमोरं बसवलं होतं. फक्त परीक्षकाला काय हवंय, हे मोजायचं राहून गेलं होतं. आणि ज्या बाईला काहीच नको होतं, तिचं ते एकच ऐकणं त्यानं हसून बाजूला टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो फारुखभाईंकडे गेला. बापाचं नाव त्यानं घेतलं नाही, एवढंच म्हणाला की पेडल निवडताना चूक झाली, दुसरं आणतो, एक संधी द्या. फारुखभाईंनी फोन पुढे केला. बकरीचं चित्रीकरण रात्रीतून सोनाळ्यापर्यंत पोचलं होतं.

"आता तू सोन्याचं पेडल आन," ते म्हणाले, "बिदाईले तुले कोन उभं करीन? मास्तर फुंकते तोवर फुंकू दे. मंग खामगाववाला हायेच."

संध्याकाळी मास्तर अंगणात पत्ती घासत होते. काचेच्या तुकड्यानं, हलक्या हातानं, मधूनमधून उजेडाकडे धरून. गोकुळ समोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, दोन नंबर तुमाले वळखू आलं होतं?"

"नऊही खेपा."

"मंग उलटं काऊन सांगतलं?"

मास्तरांनी पत्तीवर फुंकर मारली. "तुही माय भाकर थापता थापता मले रागावली. मी बाजीवर बसेल होतो, हात रिकामे. छत्तीस वर्सं माह्यासंग राह्यलेली बाई. तिले फरक नाई समजला." त्यांनी पत्ती परत उजेडाकडे धरली. "मंग मी कायले पाह्यजे होतो?"

"तुमाले आराम भेटावा म्हणून करत होतो मी."

"खोटं नको बोलू बे. तुले समोर उभं राहाचं होतं. राह्य ना. मी मेल्यावर राह्य."

यातलं अर्धं खरं होतं, म्हणून गोकुळला उरलेल्या अर्ध्याविषयी बोलता आलं नाही. आत सुभद्राबाई दोघांना जेवायला हाक मारत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ताटावर बसल्यावर तिनं मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली की बाप वेळेवर धावून आला म्हणून अब्रू वाचली, हे विसरू नको. मास्तर वरणात भाकर कुस्करत होते. 

मे महिना असाच गेला. गोकुळ जनरेटरजवळच्या जागेवर परत गेला. मास्तरांचा तिसरा दातही पडला. बिदाईआधी त्यांच्या हिरडीवर लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून धरायचं काम गोकुळकडे आलं, कारण दुसऱ्या कोणाचा हात त्यांना तोंडात चालत नव्हता. तो ते काम नीट करायचा. दोघं त्या वेळी एकमेकांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असायचे आणि बोलायचे नाहीत.

सोनाळ्याचं लग्न हंगामातलं शेवटून दुसरं होतं. मोठं घर, आंब्याच्या झाडांखाली मांडव, पाचाचा सुमार. मुलगी उंबऱ्याबाहेर आली. मास्तरांनी पहिली ओळ घेतली आणि बायका रडायला लागल्या. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर फुंक बाजूनं गळायला लागली. सूर फडफडला. मास्तरांनी ओठ आवळून तो परत धरला, दोन मात्रा नेला, आणि तो पुन्हा सुटला. या वेळी नुसती हवा आली, ओली, आवाज नसलेली.

रडणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. सहदेवची ढोलकी एकटीच चालू राहिली.

मास्तर मागे वळले. त्यांनी भुवया उचलल्या. बँडमध्ये याचा अर्थ लहान पोरालाही कळतो, उचल, पुढचं तू वाजव. गोकुळला पुढची ओळ येत होती. पेडलही लागलं नसतं. तार मध्यावर छेडून, आवाज हळू वाढवत नेला असता तर मुलगी गाडीपर्यंत पोचली असती आणि कोणाला काही वेगळं जाणवलंही नसतं. त्याची बोटं तर त्या जागेवर आधीच जाऊन बसली होती.

मास्तरांच्या हनुवटीवर रक्त आलं होतं. त्यांनी परत भुवया उचलल्या, आणि या खेपेला मानही हलवली, जरा घाईनं, विनवल्यासारखी.

गोकुळनं खाली पाहिलं, गिटारच्या आवाजाचं बटण फिरवून शून्यावर नेलं, आणि ते शून्यावरच आहे ना, हे एकदा वाकून पाहून घेतलं.